कूलंटचा दिवा आणि माझी नोकरी

अल ऐनच्या एका शाळेत मला नोकरी मिळाली आणि त्याच आठवड्यात आमच्या म्हाताऱ्या गाडीत कूलंटचा लाल दिवा लागला. नवऱ्याला त्यात दैवी संकेत दिसला. एरवी हा माणूस पत्रिकाही मानत नाही.

इंजिन गार ठेवणारं कूलंट कमी झालं की तो दिवा लागतो, हे त्याने मला बालवाडीतल्या पोरीला सांगावं तसं समजावलं. शारजाहून रोज एवढं लांब जायचं, वाळवंटात गाडी तापली तर? त्यापेक्षा शाळेला नाही कळव, म्हणाला. मला सोमवारी रुजू व्हायचं होतं.

शनिवारी सकाळी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये मराठी मंडळींची शोकसभा भरली. बॉनेट उघडं, सगळ्यांचे हात पाठीमागे. कुणी रेडिएटर गेला म्हणे, कुणी इंजिनच गेलं म्हणे. रत्नागिरीचे शेजारी म्हणाले, गाडी विकून टाका, इन्शाल्ला चांगलं गिऱ्हाईक मिळेल. कूलंटच्या टाकीचं झाकण उघडायचं काही कुणाला सुचेना. पोहे मात्र चाटूनपुसून संपले.

मी रिकाम्या बशा गोळा करायला गेले होते. इंजिन गार होतं, म्हणून झाकण मीच उघडलं. टाकी भरलेली, पण आत चॉकलेटी, गिळगिळीत गाळ. पातळीबरोबर वर-खाली होणारा सेन्सरचा तरंगता तुकडा त्यात रुतून बसला होता. चमच्याच्या दांड्याने ढोसला, सुटून वर आला. किल्ली फिरवली. दिवा गेला.

आता हा गाळ आला कुठून? तर आधीच्या गाडीची लाल कूलंटची अर्धी बाटली उरली होती, ती फेकवेना म्हणून नवऱ्याने ह्या गाडीतल्या हिरव्या कूलंटमध्ये ओतली. कालच्या वरणात परवाची आमटी घालणारं ह्याचं घराणं! पोटाला चालतं ते, इंजिनाला नाही. दोन्ही मिसळू नयेत हे मंडळींना तेव्हा एकदम आठवलं, आणि खलास, सगळे पांगले.

गॅरेजमध्ये सगळं धुऊन एकच कूलंट भरून घेतलं. दिवा पुन्हा लागला नाही. नवऱ्याला आनंद व्हायला हवा होता, पण त्याचं तोंड उतरलं. परतताना त्याची काळजी टायरवर घसरली, मग धुक्यावर, मग रस्त्यात येणाऱ्या उंटांवर. मला रडू येईल इतका राग आला.

"दिवा गेलाय," मी म्हणाले. "आता तुझं काय बिघडलंय ते सांग."

त्याने आरसा उगाच नीट केला. मग म्हणाला, "मी ऑफिसमधून येईन तेव्हा घरात कुणी नसेल."

इतकी वर्षं ह्याच्या ऑफिसपायी मी रोज संध्याकाळी एकटी बसले, तेव्हा ह्याला कुठला दिवा दिसला नव्हता.

"सवय होते," मी म्हणाले. "मला झाली." आणि सोमवारी गाडी घेऊन गेले.