घासलेटचे डबे

आमच्या पुढाऱ्याला अहिराणी मी शिकवली. इतरांच्या हातून आयुष्यात काही बरी कामं झाली असतील, माझ्या नावावर एवढंच आहे.

महायुद्धाची वर्षं होती. मी नंदुरबारला बोर्डाच्या शाळेत मास्तर होतो, आणि हा गृहस्थ वकिली सोडून पुढारीपणात शिरला होता. आधी तो युद्धाच्या विरोधात बोलला, मग सरकारच्या युद्धसमितीत जाऊन बसला, आणि रेशनवर लोक चिडलेले दिसले तेव्हा समितीतून उठून लोकांत आला. कोणी त्याला गरिबांचा वाली म्हणत, कोणी सरडा. मला तो काय होता याच्याशी घेणंदेणं नव्हतं. त्याच्याबरोबर चालताना लोक मलाही नमस्कार करत, त्यातच मी खूश होतो.

त्याची अडचण एकच होती. तो पुस्तकी मराठीत बोलायचा आणि मिरचीच्या बाजारातली माणसं समोर बसून जांभया देत. एके दिवशी तो माझ्या घरी येऊन चटईवर बसला आणि "मला या लोकांसारखं बोलायला शिकवा," म्हणाला. तेव्हापासून त्याची भाषणं मी अहिराणीत लिहून देऊ लागलो, उच्चार घोकून घेऊ लागलो. पहिल्या सभेत तो नुसतं 'मी तुमना शे' म्हणाला आणि लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मग घासलेट मिळेनासं झालं. लोक तासन्‌तास रांगेत उभे राहून रिकाम्या बाटल्या घेऊन घरी जात. पुढारी म्हणाला, नुसतं सरकारला शिव्या देऊन भागत नाही, लोकांना एखादं घर दिसलं पाहिजे. ज्यांच्या वखारीत खरोखर साठा होता ते तर त्याच्याच सभेत पुढच्या गाद्यांवर बसत. म्हणून दुसरं कोणाचं घर दाखवता येईल, असं त्याने मला विचारलं, आणि मी शहाण्याने सांगितलं की बाजाराच्या तोंडाशी पत्र्याचं काम करणारे चाचा राहतात, त्यांच्याकडे घासलेटच्या डब्यांची थप्पी आहे.

आमच्याकडे त्या चौकोनी डब्याला रिकामा झाला तरी घासलेटचा डबाच म्हणतात. पाणी भरा, धान्य भरा, नाव बदलत नाही. चाचा तसले जुने डबे गोळा करून, कापून, त्यांच्या वातीच्या चिमण्या आणि नरसाळी बनवायचे. रविवारी मी त्यांच्या ओट्यावर चहा घ्यायचो. घासलेट नाही म्हणून ते स्वतः दिवस मावळायच्या आत काम आवरतात, हेही मला ठाऊक होतं.

तरी मी लिहून दिलं, 'आपला घरमा दिवा नही, आन् बजारना तोंडवर एकना घरमा घासलेटना डबास्नी थप्पी शे.' वाक्य चांगलं जमलं म्हणून मी ते दोनदा मोठ्याने वाचलंसुद्धा.

भर दुपारी सभा झाली. ते वाक्य येताच लोक उठले. मी मंचामागे होतो. 'डबे रिकामे शेतस', एवढं मी ओरडलो असतो तरी चाललं असतं. मी भाषणाचे कागद गोळा करत राहिलो. थोड्याच वेळात रस्त्यावर डबे आपटत येऊ लागले, आणि त्यांच्या खणखणाटावरूनच ते रिकामे आहेत हे सगळ्यांना कळत होतं. कोणी थांबलं नाही. चाचांची पत्रा झाळायची शेगडी उलथली, कातरी गेल्या, तयार चिमण्या पायांखाली चेपल्या. चाचा दाराला पाठ लावून उभे होते, कारण आत बायका होत्या.

संध्याकाळी मी पुढाऱ्याकडे गेलो. तो शांतपणे म्हणाला, "मी खोटं काय बोललो? डबे होते ना? शब्द तर तुमचाच होता, गुरुजी." मी मान डोलावली. पुढचं भाषणही मीच लिहून दिलं. युद्ध संपल्यावर तो निवडून आला तेव्हा त्याचं मानपत्रही माझ्याच अक्षरात होतं. आज हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा वाटली नाही, याची जास्त वाटते.

चाचांनी हळूहळू पुन्हा काम मांडलं. बऱ्याच महिन्यांनी मी चिमणी करून घ्यायला गेलो, म्हणजे जाण्याचं धाडस केलं. वाटलं होतं, शिव्या देतील, हाकलून देतील. त्यांनी ओटा झटकून मला बसायला जागा दिली. मग थप्पीतला एक डबा काढला, कापायला घेण्याआधी माझ्यासमोर धरला आणि उलटा केला. थेंबही पडला नाही.

"रिकामा शे, मास्तर," ते म्हणाले. "दखी ल्या."

त्यानंतर मी जेव्हा जेव्हा गेलो, तेव्हा तेव्हा कापायचा डबा त्यांनी आधी माझ्यासमोर उलटा केला, आणि दर वेळी मी वाकून पाहिलं.