दाराची घंटा

तेलगावात शेजारच्या वहिनी दुपारी भाड्याच्या व्हीसीआरवर खुनाचाच पिक्चर लावायच्या. दुसरा भाग असो की चौथा, मुखवट्यातला खुनी तसाच यायचा, पोरी तशाच मरायच्या. मी पदराआडून बघायचे. वहिनी शेंगा फोडत हसायच्या.

"तुमाला भ्या वाटत न्हाई व्हय?" मी विचारायचे.

"कावून वाटंल? बाजा वाजल्याबिगर येत न्हाई बिचारा. माणूस सावध तरी होतंय."

बोलताना त्यांचं लक्ष दाराकडं असायचं. दाराला त्यांनी शेळीच्या गळ्यातली घंटा बांधली होती. ती वाजली की लगेच टीव्ही बंद, पदर डोक्यावर. मग त्यांचे मालक आत यायचे.

एका दुपारी पिक्चरमध्ये बाजा सुरू झाला. "आता बघा, आला," वहिनी म्हणाल्या. मी सहज मागं वळले. मालक आमच्या पाठीशीच उभे होते, अनवाणी. घंटा त्यांनी मुठीत आवळून धरली होती.