एका बाहीची टोपी

धुळवडीला आमच्या गावात रंगापेक्षा टोप्यांची तयारी मोठी असते. गिरणीसमोरच्या निंबाखाली सकाळीच सगळे जमतात आणि डोक्यावर काहीतरी अचाट असल्याशिवाय कोणाला बसू देत नाहीत. कोणी चाळणी बांधून येतो, कोणी जुन्या लग्नपत्रिकांचा तुरा करतो. माजी सरपंचांनी एकदा कुकरचं झाकण घातलं होतं, शिट्टीसकट. या सभेत वर्षाचा महामूर्ख जाहीर होतो. त्याची टोपी मात्र गेल्या वर्षीच्या महामूर्खाने आपल्या हाताने बनवायची आणि आपल्याच हाताने नव्याच्या डोक्यावर ठेवायची, हा रिवाज. जुना आला नाही तर नवा बोडक्या डोक्याने घरी जातो, आणि दोघांचं फाटलंय हे अख्ख्या गावाला कळतं.

मी शाळामास्तर. महामूर्खाचा किताब लिहून वाचून दाखवायचं काम कित्येक वर्षं माझ्याकडे आहे. माझी जीभ तिखट, आणि तिचा मला फार अभिमान होता.

गेल्या वर्षीचे महामूर्ख म्हणजे आमचे टेलरचाचा. शाळेला लागून त्यांचं दुकान. शाळा सुटली की त्यांच्या स्टुलावर बसून चहा घेतल्याशिवाय मी घरी जात नसे. त्यांनी माझा निळ्या रेघांचा शर्ट शिवला, त्याची एक बाही अर्धी आणि एक पूर्ण. शहाण्या माणसाने तो गुपचूप परत नेऊन दाखवला असता. मी महिनाभर लपवून ठेवला आणि धुळवडीला घालून गेलो. दोन्ही हात वर करून किताब वाचला, "अर्धा उन्हाळ्याचा अन् अर्धा हिवाळ्याचा शर्ट शिवणारे ऋतुसम्राट!" लोक पोट धरून हसले. चाचाही हसले. टोपी घालून घेतली, माझा शर्ट मागून घेतला आणि दुरुस्त करून ठेवतो म्हणाले.

पंधरा दिवसांनी बायकोने सांगितलं. चाचींनी तिच्याजवळ मन मोकळं केलं होतं. चाचांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दिसत नाही म्हटलं तर कापड कोण टाकेल, या धाकाने ते कोणाला बोलले नव्हते. अंदाजाने कापत होते, हाताच्या सवयीने शिवत होते. आणि माझ्या भाषणानंतर लोक खरंच कापड घेऊन शेजारच्या उंद्री गावच्या टेलरकडे जाऊ लागले.

त्याच संध्याकाळी जाऊन माफी मागायला हवी होती. मी गेलो नाही. उद्या जाऊ म्हणता म्हणता शाळेतून मागच्या गल्लीने घरी यायची सवय लागली. दिवाळीच्या सुमारास त्यांची ऑपरेशनं बुलढाण्याला झाल्याचं कळलं, तेव्हाही गेलो नाही. चार मुलांसमोर फळ्याजवळ तोंड चालतं, ते तिथे चाललं नसतं.

टोपी शिवायला वेळ मिळावा म्हणून निवड धुळवडीच्या आठ दिवस आधी होते; यंदा तिला मी स्वतःच माझं नाव सुचवलं. कोणी विरोध केला नाही, याचं थोडं वाईटही वाटलं. गिरणीवाला चाचांना निरोप देऊन आला. त्यांनी ऐकून घेतलं आणि ते मशीन चालवत राहिले, असं त्याने सांगितलं. ते आठ दिवस मी नीट जेवलो नाही.

धुळवड रमजानातच आली होती. एवढ्या उन्हात, रोजा धरून, माझ्यासाठी ते काऊन येतील, असं मनाशी म्हणत मी निंबाखाली बसलो. चाळण्या, टोपल्या, सुपं घातलेली सगळी मंडळी हसत होती. नवा महामूर्ख म्हणून मी एकटाच बोडका. गिरणीवाल्याने दोनदा घड्याळ बघितलं, आणि आता आटपू म्हणाला.

तेवढ्यात चाचा आले. काखेत पिशवी. चहा पुढे केला तर रोजा आहे म्हणून त्यांनी हात हलवला, आणि सरळ माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"माह्यं चुकलं, चाचा," मी म्हणालो.

"चुकलंच," ते म्हणाले. "स्टुल वर्षभर रिकामं ठेवलं तुम्ही, ते जास्त चुकलं. किताबाचं मले एवढं नाही वाटलं."

मग त्यांनी पिशवीतून माझा शर्ट काढला. दोन्ही बाह्या अर्ध्या, अगदी सारख्या. त्यामागून टोपी काढली. निळ्या रेघांची, उंच, टोकाला कफ उलटवून केलेला तुरा. शर्टाची कापलेली बाही होती ती. लोक इतके हसले की एकाची टोपली डोक्यावरून खाली पडली. मला मात्र टोपीवरची टीपच दिसत होती. बारीक, सरळ, एकही टाका इकडेतिकडे नाही.

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. डोळे भरून आले आणि मी ते पुसलेही नाहीत. रंगाने तोंड आधीच बिघडलं होतं, कोणाला काय कळणार.

टोपी डोक्यावर ठेवताना चाचांचं लक्ष कफाच्या बटणाकडे गेलं. ते लोंबत होतं. त्यांनी कॉलरमध्ये खोचलेली सुई काढली, खिशातून दोरा काढला आणि उभ्या उभ्या, एका खेपेत ओवला. चष्मा नव्हता. सगळे तिकडेच बघत होते.

मी टोपी काढायला हात वर केला.

"राहू द्या डोक्यावरच," चाचा म्हणाले. "हलू नका फक्त."

मी मान खाली घालून बसलो. सुई माझ्या डोक्यावर वरखाली होत होती, आणि मला जराही भीती वाटली नाही.