तंबूतली शाळा
दुबईत अल क्वोजला माझ्या मुलाच्या गोदामात नवी ताडपत्री उलगडली की तिच्या वासाबरोबर मला साठच्या दशकातली इथली खाडी आठवते. तिथे आम्ही रत्नागिरीकडची चार पोरं गलबतांची शिडं शिवायचो आणि आमच्याच खोलीत दिल्लीचा एक कारकून राहायचा. दिल्लीला असलेल्या त्याच्या मुलीला शाळेत घालायचं होतं, म्हणून रोज जेवताना तो दिल्लीतल्या शाळा सांगत बसायचा: कॉन्व्हेंट, सरकारी, उर्दूची, बंगाल्यांची, मद्राशांची, आणि त्याच्या गल्लीच्या टोकाला एक चक्क तंबूतली. “इतने में से चुनूँ कैसे?” असं तो म्हणाला की मला माझी शाळा आठवायची. आमच्या गावात शाळा चौथीपर्यंतच, पुढची गावच्या खाडीपलीकडे. ओहोटीला होडी चिखलात रुतायची, उशीर झाला की मास्तर बाहेर उभं करायचे, आणि पाचवीतच माझं शिक्षण खलास झालं. एका संध्याकाळी त्यानं मलाच विचारलं, “मियाँ, तुम बोलो, कहाँ डालूँ?” मी जळफळत म्हणालो, “जहाँ बच्ची पैदल जा सके, वही स्कूल. बाकी सब बिल्डिंग.” आमची पोरं हसली, “बाबूजी, पाचवी नापासला काय विचारता?” तो मात्र हसला नाही. पुढच्या बोटीनं दिल्लीकडे निघालेल्या माणसाकडे त्यानं घरी निरोप धाडला, तंबूतच घाला. शाळेबद्दल माझं मत विचारणारा तो पहिला माणूस. त्याचे उपकार मी विसरलो नाही, आणि त्याच्या मुलीचा हेवाही काही गेला नाही. आता नातीची स्कूलबस जरा उशिरा आली तरी मी खाली फाटकाशी जाऊन उभा राहतो. “दादा, इट्स ओन्ली ट्रॅफिक,” ती म्हणते. मला मात्र चिखलात रुतलेली होडीच दिसत असते.