वाणाच्या डब्या आणि स्वस्तातला मीटर

वहिनीने मला तोंडावर सांगायला हवं होतं. माझं आजही तेच म्हणणं आहे. मी चिडलो असतो, टेबलावर हात आपटला असता, पण ऐकलं असतं. निदान मला तसं वाटतं.

भाईंदरजवळ हाटकेशला माझा स्टीलचे डबे बनवायचा गाळा होता. स्वतःच्या हिमतीवर उभा राहिलो, असं मी भेटेल त्याला सांगायचो. दादा गेल्यावर वहिनीने मंगळसूत्र मोडून पहिली प्रेस मशीन घेऊन दिली, तेवढं सांगायचं राहून जायचं.

त्या वर्षी आम्ही संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी वाणाच्या छोट्या डब्या काढल्या. तेव्हा घरोघरी कॉम्प्युटर येत होते, बायका इंटरनेटवर मैत्रिणी जमवत होत्या. वहिनी गाळ्यात टायपिंग करायची. तिने तिथे आमच्या डब्यांचं पान उघडलं. जाहिरातीची ओळ माझी होती: मान सवाष्णीचा, डबी आमची.

"एवढंच लिहू, भाऊजी?"

"एवढंच. अजून काय हवंय?"

ती कीबोर्डकडे वळली. टाइप करून मोकळी झाली.

जाहिरात चालतेय की नाही हे कळायला हवं, म्हणून भाईंदर पश्चिमेच्या एका सॉफ्टवेअरवाल्याला बोलावलं. त्याने दोन प्रकार दाखवले.

"सेठ, हा साधा मीटर. पानावर रोज किती लोक आले, किती जणांनी लिहिलं, आकडा देणार. दुसऱ्यात काय लिहिलं, खूश होऊन की रागाने, तेपण छापून तुमच्या टेबलावर. मराठी वाचायला माणूस बसवावा लागतो, म्हणून महाग."

"माणूस बसवून मला काय गोष्टी ऐकवणार?"

"भाऊजी, दुसरं घ्या," वहिनी कॉम्प्युटरवरून मान न वळवता म्हणाली. "तुम्ही वाचाल तरी."

"वाचायला तू आहेस ना वहिनी. मला आकडा पुरे."

मग मी साध्या मीटरवरही घासाघीस केली. सॉफ्टवेअरवाला दोनदा बॅग उचलून दारापर्यंत गेला, दोनदा परत आला. शेवटी म्हणाला, "सेठ, आप तो जान ले लोगे." त्या दिवशी मी फार खूश होतो.

पहिला आठवडा आकडा जेमतेम होता. मग एका दिवशी तो एकदम चढला आणि चढतच गेला. मी रोज तो वहीत उतरवायचो. सर्वांत मोठा आकडा आला त्या दिवशी त्यावर लाल पेनाने बरोबरची खूण केली आणि गाळ्यात पेढे वाटले. वहिनीला म्हटलं, "बघ, ओळ लागू पडली. आता रोज दोनदा टाक." तिने पेढा कागदात गुंडाळून ठेवला आणि रोज दोनदा ओळ टाकली.

संक्रांतीला आमच्या घरी हळदीकुंकू झालं. वहिनी स्वयंपाकघरात बसून डब्यांत तिळगूळ भरत होती. दरवर्षी वाण तीच भरायची. बाहेर नावं घेणं चाललं होतं.

आठवड्याने ती माहेरी, रत्नागिरीकडे, कायमची निघाली. मी तिच्यावर ओरडलो. कोण काय बोललं, कुणी काय कमी केलं, विचारलं. "कुणी काही बोललं नाही भाऊजी," म्हणाली, आणि पासवर्ड लिहिलेला कागद हातात दिला. "पान आता तुम्ही बघा."

मी पान पहिल्यांदा तेव्हा वाचलं. डबीबद्दल फारसं कुणी लिहिलंच नव्हतं. एका बाईने विचारलं होतं, जी सवाष्ण नाही तिने ही डबी घ्यायची की नाही? त्याखाली बायकाच बायका. कुणी दार लावून आत बसते, कुणी मुलीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या घरी जाऊन बसते. मग एकीने पान चालवणाऱ्या ताईंना विचारलं होतं, तुमच्याकडे कसं असतं?

वहिनीने उत्तर दिलं होतं: "डब्या मीच भरते. मला अजून कुणी दिली नाही."

उत्तराखाली तारीख होती. वही काढून पाहिलं. लाल खूण त्याच दिवसावर होती.