थानासिसभाऊंचं झाड आणि वसुधाबाईंचा तांब्या

वसुधाबाई जर्मनीत नेकारसुल्मला मुलाकडे आल्या त्या तीन महिन्यांच्या व्हिसावर, दोन किलो भाजणी आणि सगळ्या जगाला सुधारायचा उत्साह घेऊन. साल दोन हजार सहा, ऑक्टोबर संपत आलेला. मुलगा गुरुदत्त आणि सून अरुंधती दिवसभर ऑफिसात, पाच वर्षांची अन्वी किंडरगार्टनमध्ये. नातीला मराठीत काहीही विचारलं की उत्तर जर्मनमध्ये यायचं. बाईंची बोलती बंद झाली, आणि हा प्रकार त्यांच्या आयुष्यात प्रथमच घडत होता.

बोलायला मिळाले ते समोरच्या दारातले थानासिस. ग्रीसमधल्या समुद्रकाठच्या, ऑलिव्हवर जगणाऱ्या एका चिमुकल्या गावचे. इथल्या कारखान्यात तीस वर्षं राबून निवृत्त झालेले. बाई मराठीत बोलत, ते ग्रीकमध्ये, आणि समोरच्याला सगळं कळतंय याबद्दल दोघांनाही शंका नव्हती. बाई त्यांना थानासिसभाऊ म्हणत.

नोव्हेंबरात ते गावी बहिणीकडे ऑलिव्ह उतरवायला निघाले. जाताना जिन्यातल्या खिडकीपाशी ठेवलेलं कुंडीतलं ऑलिव्हचं झाड त्यांनी बाईंवर सोपवलं. वडिलांच्या बागेतल्या फांदीपासून लावलेलं. बाग कधीच हॉटेलवाल्यांच्या घशात गेली होती, वडिलांचं म्हणून एवढंच उरलं होतं. पाणी पंधरा दिवसांतून एकदा, पेलाभर, असं त्यांनी अरुंधतीला जर्मनमध्ये बजावलं आणि तिने सासूबाईंना.

बाईंना हा शुद्ध चिक्कूपणा वाटला. सकाळी आंघोळ झाली की दारातल्या झाडाला तांब्याभर पाणी, हे त्या चाळीस वर्षं करत आल्या होत्या. तुळस काय नि ऑलिव्ह काय, तहान ती तहानच. रोज एक तांब्या, वर प्रदक्षिणा. हळदकुंकू तेवढं घरमालकाच्या धाकाने राहिलं.

नाताळपर्यंत पानं गळून काड्या उरल्या. बाईंनी मग भक्ती वाढवली, म्हणजे तांबे दोन केले.

जानेवारीत भाऊ परतले. जगाच्या चुका दाखवण्यात हयात गेलेल्या बाईंवर आता स्वतःची चूक सांगायची वेळ आली. पण पळून कुठे जाणार?

"सांग त्यांना," त्या अरुंधतीला म्हणाल्या, "मीच मारलं. रोज पाणी घालून."

थानासिसनी कुंडी उपडी करून कुजलेली मुळं छाटली, रेताड माती भरली आणि खोड बुंध्यापाशी करवतीने कापून टाकलं. मग जिन्यातच बसून अरुंधतीला गावची गोष्ट सांगितली. त्यांच्या तरुणपणी एका हिवाळ्यात गावावर बर्फ पडलं आणि सगळी झाडं वाळली. म्हाताऱ्यांनी ती अशीच बुंध्यापाशी कापली आणि थांबा म्हणाले. तरण्याताठ्यांना कुठला धीर? सगळे गाडीत बसून जर्मनीला आले.

"दोन वर्षांनी झाडं फुटली," ते म्हणाले. "तेव्हा मी इथे मशीनवर उभा होतो."

सुनेने हे मराठीत सांगितलं तेव्हा बाईंना रडू आलं, आणि सुनेसमोर रडू आलं याचा रागही आला.

महिनाअखेर त्या पुण्याला परतल्या. दर रविवारी फोनवर पहिला प्रश्न एकच, फुटलं का? अगं आई, जरा आमचीही चौकशी कर, असं गुरुदत्त कुरकुरायचा.

मे महिन्यातल्या एका रविवारी फोन अन्वीने उचलला. बाईंनी तोंड उघडायच्या आतच ती मराठीत म्हणाली, "आजी, दोन पानं आली. मी पाणी नाही घातलं."