नेगीच्या ट्रंकेची यादी

ये रोशनी, जवळ सरक. कागदावर का होईना, सरक. मावशीचा फोन कापतेस काय? तीनदा कापला. तुझी आई म्हणते, पोरगी व्यसनमुक्ती केंद्रातून घरी येऊन महिना उलटला, पण दूधवाला आला तरी मागच्या खोलीत जाऊन बसते. काहून व? दूधवाला काय तुले पकडून नेणार होता? झोपेच्या गोळ्या सोडल्या अन् तोंड लपवायची सवय धरली. शाळेत पुन्हा रुजू व्हायचा कागद येऊन पडला आहे म्हणे, अन् तू सही करून नाही राहिली. बह्याड आहेस.

रागावत नाही. रागवायची ताकदच नाही राहिली आता, गुडघे दुखतात, सकाळी उठून चहा ठेवला की दमते. पण एक गोष्ट सांगायची आहे. तुमी सगळे मले म्हणता, मावशी, फौजेतलं सांग. मी नाक्यावरच्या गमती सांगते अन् उठते. ही गमतीतली नाही. घरात आजवर कोणाले सांगितली नाही.

मी तेव्हा हवालदार होती, महिला बटालियनमधे. आमची कंपनी जम्मूकडच्या एका डोंगरी पोस्टवर होती. काम साधं. सकाळी सहाले फॉल-इन, गिनती, सातनंतर गाडीनं नाक्याकडे. येणाऱ्या-जाणाऱ्या बसमधल्या बायांची तपासणी. दुपारी दोनले बदली, संध्याकाळी पुन्हा गिनती. थंडी अशी की बंदुकीले हात लावला तर चटका बसल्यासारखं वाटे. अमरावतीच्या उन्हातली मी, मले ते सोसेना. कॅन्टीनची रम मिळे. पहिल्यांदा गरम पाण्यात एक झाकण घेतलं. मग दोन. मग झोपेसाठी. मग सकाळी फॉल-इनच्या आधी, हात थरथरू नये म्हणून. वास येऊ नये म्हणून लवंग चावत असे. तीच लवंग नडली. आमच्या सब-इन्स्पेक्टर पासवान मॅडम एक दिवस गिनतीत माझ्यासमोर थांबल्या.

"तायडे, रोज सुबह कौनसी पूजा करके आती हो?"

सगळी लाइन हसली. मीपण हसली. त्याच दिवशी मले मेडिकलले पाठवलं.

दवाखान्यात अठ्ठावीस दिवस. त्या वॉर्डात मी एकटी बाई, पलंगाभोवती पडदा. पलीकडचे जवान पडद्याकडे पाहून कुजबुजत. डॉक्टर म्हणाले, दारू सुटेल, पण छाती धडधडेल, घाम सुटेल, आता आपण मरतो असं वाटेल. मरणार नाही. पंधरा-वीस मिनिटं असते, जाते. त्या वेळी मन कशाले तरी बांधून ठेवायचं. मी रायफलले बांधलं. मनात रायफल खोलायची. मॅगझिन काढ. कॉक कर. चेंबर पाह्य. टॉप कव्हर. स्प्रिंग. पिस्टन. उलट्या क्रमानं पुन्हा जोड. चुकलं तर पहिल्यापासून.

मनातच खोलावी लागे, कारण हातातली काढून घेतली होती. परत पोस्टवर आली ती कागदावर शेरा घेऊन: विदाऊट आर्म्स. हत्यार द्यायचं नाही. तुले वाटेल, बरं झालं, वजन कमी झालं. तसं नाही माय. सकाळी सहाले पंचेचाळीस बाया फॉल-इन होतात, चव्वेचाळीस जणींच्या खांद्यावर रायफल, अन् मागच्या लाइनीत एक जण रिकाम्या हातानं. हात कुठं ठेवावा कळत नाही. कोणी काही बोलत नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं. नाक्यावर जाता येईना, म्हणून मले लंगरमधे टाकलं, म्हंजे स्वयंपाकघरात. तिथला मुख्य स्वयंपाकी लय खट्याळ. आलूचं पोतं समोर टाके अन् म्हणे, "तायडे, तलाशी ले ले. कोई आलू बम छुपाके न आया हो."

फौजेत प्रत्येकीले एक जोडीदारीण असते. बडी म्हणतात. एकमेकीच्या ट्रंकेची दुसरी चावी एकमेकीपाशी राहते. माझी बडी नेगी, हुद्द्यानं नाईक, गढवालची. बुटकी, चालताना सारखं गुणगुणणारी, बोलायले फटकळ. दवाखान्यात जायच्या आधी तिनंच माझ्या बिछान्यातून अर्धी बाटली ओढून काढली होती. मले वाटलं फेकली. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. परत आल्यावर ती रोज संध्याकाळी लंगरच्या मागं येऊन बसे अन् माझ्यासोबत आलू सोले.

मी एकदा म्हटलं, "नेगी, मुझे शरम आती है लाइन में."

ती म्हणाली, "आने दे. शरम आती है तो आदमी नहाता है. मरता थोड़ी है."

माझी नाक्यावरची पाळी अर्थातच तिच्यावर पडली. आठवड्यात तीनदा तिची, दोनदा माझी. तिनं कधी तोंडातून काढलं नाही.

त्या दिवशी पाळी माझी होती. सात वाजून दहा मिनिटांनी गाडी निघाली, ड्रायव्हरसकट आत सहा जणी. माझ्या जागेवर नेगी. आदल्या दिवशी पाऊस झाला होता, रस्ता कच्चा. मी सिग्नलच्या खोलीशेजारी आलू सोलत होती. पावणेनऊले वायरलेसचा सेट वाजला.

"अल्फा, अल्फा. चार्ली बोल रहा हूँ. गाड़ी नीचे गई है. ओवर."

"चार्ली, कितनी नीचे? ओवर."

थोडा वेळ नुसती खरखर. मग, "बहुत नीचे. ओवर."

स्ट्रेचर घेऊन जी पार्टी निघाली तिच्यात मी गेली. स्ट्रेचरले हत्यार लागत नाही. पाच जणी जखमी होत्या, पाचही वाचल्या. नेगी गाडीखाली होती. साडेअकराले आमी तिले वर आणलं. दुपारी एकले तिले खाली बेस कॅम्पले पाठवलं. मी रडली नाही. कंपनी कमांडर मॅडमनी बोलावलं, साडेतीनले.

"तायडे, चार बजे बोर्ड बैठेगा. तुम उसकी बडी हो. ट्रंक तैयार रखो."

बोर्ड म्हंजे काय सांगते. जवान गेला की त्याच्या सामानाची यादी होते. एक इन्स्पेक्टर, एक सब-इन्स्पेक्टर, एक मुन्शी. एकेक वस्तू वर काढायची, मोठ्यानं म्हणायची, मुन्शीनं लिहायची. यादीच्या चार प्रती. एक ट्रंकेसोबत घरी जाते. घरचे ती गावात सगळ्यांसमोर वाचतात, कारण घरात वाचणारा एखादाच असतो. गेलेल्या माणसाचं शेवटचं लिहिलेलं तेवढंच.

पावणेचारले मी बराकीत एकटी. माझ्यापाशीच्या चावीनं ट्रंक उघडली. वर वर्दी, खाली लोकरी मोजे, पोरीचा फोटो, अर्ध्यावर सोडलेलं स्वेटर सुयांसकट. तळाशी टॉवेल. टॉवेल जड लागला. आत बाटली. अर्धी भरलेली, बुचाले चीर पडलेली, त्यावर पांढरी पट्टी. ती पट्टी मीच गुंडाळली होती.

नेगीनं ती फेकली नव्हती. काहून ठेवली, मले आजही माहीत नाही. लय विचार केला. नाही कळलं.

त्या वेळी मात्र एवढं कळलं की पंधरा मिनिटांत हे यादीत येणार. रम, अर्धी बाटली, एक. नेगीच्या नावावर. डोंगरातल्या गावात तिची सासू, तिची माय, सगळे बसलेले, अन् कोणी तरी ते वाचणार. ज्या बाईनं आयुष्यात थेंब घेतला नाही तिच्यावर. बायामाणसाचं कसं असते तुले ठाऊक आहे. गाडी दरीत गेली हे विसरतील, बाटली नाही विसरणार.

मग दुसरा विचार आला. लपव. माझ्या बिछान्यात टाक, बोर्ड जाऊ दे, मग ओतून दे. हा विचार लय शहाणा वाटला. पण रोशनी, ओतायले ती उघडावी लागते. अन् उघडली असती तर मी ओतली नसती. हे मले तेव्हाच माहीत होतं. शरमेपायी लपवायची, अन् लपवलेली एकटीनं उघडायची, हाच तर माझा दोन वर्षांचा रस्ता होता.

छाती उडायले लागली. हात असे थरथरले की बाटली ट्रंकेच्या पत्र्याले खडखड वाजली. घाम. कानात शिट्टी. वाटलं नेगीमागं मीपण चालली. जमिनीवर बसली. मॅगझिन काढ. कॉक कर. चेंबर पाह्य. टॉप कव्हरपाशी चुकली. पहिल्यापासून. पुन्हा चुकली. तिसऱ्यांदा पिस्टनपर्यंत पोचली तेव्हा बाहेर बुटांचा आवाज आला. बाटली टॉवेलात गुंडाळली, होती तिथं ठेवली अन् उभी राहिली. ठरवलं होतं म्हणशील तर नाही. वेळ संपला होता, एवढंच.

चार वाजता बोर्ड बसला. पासवान मॅडम एकेक वस्तू काढत होत्या.

"फोटो, एक."

"स्वेटर, एक. अधूरा."

मुन्शी लिहीत होता. मॅडमनी टॉवेल उचलला. उचलताना त्यांनाही वजन कळलं. उघडला. मुन्शीनं पेन थांबवला अन् इन्स्पेक्टर साहेबांकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यात मले ते दिसलं: अच्छा, नेगी भी.

"साब, ये मेरी है."

"क्या?"

"मेरी है, साब. हवालदार तायडे की. नेगी ने मुझसे छीनी थी."

साहेबांनी चष्मा काढला. "तायडे, तुम्हारा केस मालूम है हमको. सोचके बोल रही हो?"

"जी साब."

"नौकरी जा सकती है."

"जी साब."

पाय लटलटत होते. शूरपणाचं काही नव्हतं त्यात. साहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यावर चढवला. मग मुन्शीले म्हणाले, "तौलिया, एक. आगे."

मुन्शीनं लिहिलं, तौलिया, एक.

बाटली ओतायले पासवान मॅडम अन् मी लंगरच्या मागं गेलो. बुच त्यांनीच उघडलं. वास आला अन् माझ्या तोंडात पाणी सुटलं. माझ्या जागेवर बसून गेलेल्या बाईले खाली पाठवून तीन तास झाले होते, तिच्या रक्ताचे डाग माझ्या बाहीवर होते, अन् तोंडात पाणी. बाप्पा. लाइनीतली शरम काहीच नाही त्याच्यापुढं. ही शरम कोणाच्या डोळ्यातली नाही, आपल्याच जिभेतली.

मॅडम म्हणाल्या, "मुँह फेर ले."

मी म्हटलं, "नहीं मॅडम. देखूँगी."

पाहिलं. मातीनं शोषून घेतलं. मॅडमनी बाटली दगडावर फोडली, काचा गोळा केल्या, अन् जाता जाता म्हणाल्या, "कल फॉल-इन में आगे की लाइन में खड़ी होना. खाली हाथ ही सही."

नोकरी गेली नाही. चार्जशीट झाली, बढती गेली, विदाऊट आर्म्सचा शेरा आणखी वर्षभर राहिला. पोस्टवर सगळ्यांले कळलं. आठ दिवस कुजबुज झाली. मग कोणाच्या तरी घरचं पत्र आलं, कोणाचं लग्न मोडलं, कुजबुज तिकडं गेली. मी पुढच्या लाइनीत रिकाम्या हातानं उभी राहत होती अन् रोज वाटे, आज पडणार. नाही पडली.

तू म्हणशील, मावशी, मग बरी झालीस. नाही माय, खोटं काहून सांगू? पेन्शनवर आल्यावर एकदा घसरली. चार दिवस. पाचव्या दिवशी पासवान मॅडमले फोन केला अन् सांगितलं. त्या म्हणाल्या, रिपोर्ट मिली, आगे बोलो. आजही लग्नाच्या मांडवामागं पोरं गिलास घेऊन हसत उभी दिसली की मी घरी निघायले चप्पल शोधते. आजही बाजारात मधेच छाती उडते, मग मी भाजीवालीच्या गाडीले धरून रायफल खोलते. भाजीवालीले वाटते मी भाव करून राहिली.

म्हणून तुले "सगळं ठीक होईल" असं नाही सांगत. एवढंच सांगते, तू लपवून राहिली ते अख्ख्या शाळेले माहीत आहे. मुख्याध्यापिकेले माहीत नसतं तर रुजू व्हायचा कागद कोणी पाठवला असता? तुले भेव आहे की पहिल्या दिवशी स्टाफरूममधे सगळ्या गप्प होतील. होतील. तू आपलं नाव सांगून, काय झालं ते एका वाक्यात सांगून, खुर्चीवर बस. पाय लटलटतील. बसल्यावर कोणाले दिसत नाहीत.

नेगीची यादी तिच्या गावाले गेली. तिच्या मायनं मले फोनवर एकदा म्हणून दाखवली, शेजारच्या मास्तराकडून पाठ करून घेतली होती तिनं. वर्दी, दोन. मोजे, चार. फोटो, एक. स्वेटर, एक. तौलिया, एक. म्हणाली, मेरी बेटी के पास इतना ही था, पर सब साफ था. मी हो म्हटलं. ती माय आता नाही. नेगीची पोरगी डेहराडूनले नर्स आहे. नेगीचं नाव आमच्या बटालियनच्या दगडावर कोरलं आहे, वरून सातवं. माझ्या जागेवर गेलेली बाई ती.

ती गेली त्या तारखेले दरवर्षी मी आपल्या गल्लीतल्या विहारात मेणबत्ती लावते अन् बायांसोबत पंचशील घेते. चार शीलं मोठ्यानं म्हणते. पाचवं नशापाण्याचं. तिथं माझा आवाज आजही बारीक होते, शेजारच्या बायांले ऐकू येत नाही. पण म्हणते. औंदा ती तारीख पुढच्या रविवारी आहे. अकोल्याहून सकाळची बस धर, दहाच्या आत पोचशील, अमरावतीच्या स्टँडवर मी घ्यायले येते. त्या कागदावर सही करून आण, नाही केली तरी ये. पाचव्या शीलापाशी माझ्या बाजूले आणखी एक बारीक आवाज पाहिजे. ये व पोरी, लवकर ये.